जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे राहतेय, दोन महिने झाले तरी अवघडल्यासारखं होतंय, फॅमिली बदलून मागू का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्याकडची मुलगी, वय २२, वर्षभराच्या व्हॉलंटियर सर्व्हिससाठी सप्टेंबरमध्ये दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावात गेलीये. काम किंडरगार्टनमध्ये, राहायला होस्ट फॅमिली, नवराबायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. कामावर मजेत चाललंय. घरी मात्र सगळे नीट वागतात पण फारसं कोणी बोलत नाही, संध्याकाळी ब्रेड आणि चीज, जेवण झालं की जो तो आपापल्या खोलीत, आणि परवा बाथरूममध्ये तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ती विचारतेय की ताई, मी यांना नकोशी झालेय का.

मी स्वतः तिकडे अशीच एका घरात राहिलेय आणि आता बरीच वर्षं पुण्यातून जाणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेतेय, तिकडच्या कुटुंबांशीही सारखं बोलणं असतं, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकलेलं आहे. तुझं पत्र वाचून मला नकोशी झाल्याची एकही खूण दिसली नाही. मला दिसतंय ते असं की तू त्या घरात अजून पाहुणी म्हणून राहतेयस, आणि त्यांनी तुला पहिल्या आठवड्यापासूनच घरातली मोठी मुलगी धरलंय. पाहुण्याने कसं वागायचं हे आपल्याकडे आपल्याला लहानपणापासून शिकवतात, स्वयंपाकघरात घुसायचं नाही, फ्रिज उघडायचा नाही, मागायचं नाही, वाढलं तेवढं खायचं आणि त्रास होईल असं काही करायचं नाही. त्यांना यातलं काहीच नम्रपणा म्हणून दिसत नाही. त्यांना दिसतं की ही मुलगी आमच्यात येत नाही, हिला बहुतेक एकटं राहायला आवडतं, मग तिला त्रास नको म्हणून ते दार वाजवत नाहीत. इकडे तू खोलीत बसून म्हणतेस कोणी विचारत नाही. हे असं महिनोन्‌महिने चालू शकतं, मी पाहिलंय.

चिठ्ठीपासून सुरुवात करू कारण तू त्याने जास्त दुखावलीयेस. तू लिहिलंयस की शॉवर झाल्यावर काच पुसायची आणि खिडकी पूर्ण उघडायची एवढंच त्यात होतं, खाली 'थँक यू' आणि स्मायली. बघ, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी पाणी जड आहे, काचेवर थेंब वाळले की पांढरा क्षार धरतो आणि तो नुसत्या पाण्याने जात नाही, व्हिनेगर लावून घासत बसावं लागतं. म्हणून शॉवरमध्ये ती रबराची पट्टी टांगलेली असते, वरून खाली चारपाच वेळा ओढली की काम झालं. खिडकीचं कारण त्याहून मोठं आहे. तिकडची घरं थंडीसाठी अगदी हवाबंद बांधलेली असतात, अंघोळीची वाफ आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जायला जागाच नाही, ती गार भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ती काढायला खर्च येतो, भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी भांडण होतं. त्यामुळे दिवसातून दोनतीनदा हीटर बंद करून खिडकी पाचदहा मिनिटं सताड उघडायची आणि मग घट्ट लावायची, नुसती तिरकी करून तासन्‌तास ठेवायची नाही, कारण तशाने हवा फारशी बदलत नाही आणि भिंती मात्र गार पडतात. हे तिथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच माहीत असतं म्हणून कोणी सांगत नाही, आणि तुझ्याकडून राहून गेलं म्हणून चिठ्ठी लिहिली. समोर उभं राहून सांगितलं तर तू ओशाळशील असं वाटून त्या बाईंनी लिहून ठेवलं असणार. आपल्याकडे एखादी गोष्ट सरळ सांगितली की आपण आधी सांगणाऱ्याचा सूर ऐकतो, रागावून म्हणाली का, टोमणा होता का. तिकडे बहुतेक वेळा काच पुस म्हणजे काच पुस, त्याच्या पोटात दुसरं काही नसतं. त्याच दिवशी 'चिठ्ठी वाचली, मला माहीत नव्हतं, आता करीन' एवढं तोंडाने सांगितलंस की विषय संपतो. गप्प राहून नुसती काच पुसू नकोस, त्यांनाही मनात खुटखुट असते की हिला वाईट वाटलं का.

आता जेवण. संध्याकाळी थंड ब्रेड, चीज, लोणच्यातल्या काकड्या, टोमॅटो, कधी सॉसेज, हे तिथलं नेहमीचं रात्रीचं जेवण आहे, तुझ्यासाठी कंजूषी केलेली नाही. गरम जेवण दुपारी होतं, मुलांचं शाळेत किंवा किंडरगार्टनमध्ये, मोठ्यांचं कामावर कँटीनमध्ये, आणि तूसुद्धा दुपारी मुलांबरोबर गरमच जेवत असशील. पण त्या टेबलावरचा तो अर्धा तास हाच त्या घराचा एकत्र बसायचा वेळ आहे. तो तू चुकवू नकोस. भारतातलं घड्याळ त्यांच्या पुढे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तू कामावरून येऊन जेवायला बसतेस तेव्हा साताऱ्यात रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात आणि आई झोपायच्या आधी व्हिडिओ कॉलला टेकलेली असते. मग आपल्याकडून गेलेली पोरं पटकन दोन ब्रेडचे तुकडे घेऊन खोलीत पळतात. आईला सांग की कामावरून निघाल्यावर चालत चालत बोलीन आणि रविवारी निवांत बोलीन, आई समजून घेईल. आणि रात्री दहानंतर तिकडे शांतता पाळायची असते, आपण कॉलवर किती मोठ्याने बोलतो हे आपल्याला कळत नाही, भिंतीपलीकडे झोपलेल्या मुलांना बरोबर कळतं.

खाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. एक, ते एकदाच विचारतात. अजून घेणार का म्हटलं आणि तू नको म्हणालीस की भांडं उचललं जातं, आग्रह नाही, दुसऱ्यांदा विचारणं नाही. आपण पहिल्यांदा सवयीने नको म्हणतो आणि मग उपाशी झोपतो. भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण. दुसरं, तू व्हेज आहेस असं लिहिलंयस, तर नुसतं व्हेज म्हणून थांबू नकोस, अंडं चालतं का, मासे चालतात का, मांसाच्या पाण्यात केलेलं सूप चालतं का, जिलेटिन घातलेल्या गोळ्या चालतात का, मांस परतलेल्या तव्यावर तुझी भाजी चालते का, हे सगळं कागदावर लिहून दे. त्यांना यात काहीच विचित्र वाटत नाही, तिकडे शाकाहारी लोक भरपूर आहेत, उलट स्पष्ट कळलं की बाजार करायला सोपं जातं. उपास असेल तर आदल्या दिवशी सांग, नाहीतर ताटापुढून उठून गेलीस की तब्येत बिघडली असं समजतील.

आणि तू त्यांना जेवण करून घाल. हे सगळेच सुचवतात पण नीट सांगत कोणी नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगते. आधी दिवस ठरवून घे, शनिवार दुपार बरी. त्यांची शेगडी काचेची असते, बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, पृष्ठभाग गरम असल्याचा लाल दिवा दिसतो तोवर त्यावर प्लॅस्टिक किंवा कापड ठेवायचं नाही. नॉनस्टिक पॅनमध्ये स्टीलचा उलथना घालायचा नाही, लाकडी घ्यायचा. फोडणी द्यायच्या आधी वरचा एक्झॉस्ट फुल करायचा, खिडकी उघडायची आणि स्वयंपाकघराचं दार लावायचं, कारण घरात स्मोक अलार्म सक्तीचे आहेत आणि मोहरी तडतडून धूर झाला की अख्खं घर दणाणतं. पांढऱ्या ओट्यावर हळद सांडली तर लगेच पुसायची, त्यांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्याला हळद लागली की तो कायमचा पिवळा. कुकर नेला असशील तर शिट्टी होणार हे आधी सांग. तिखट अगदी कमी घाल, मुलं आहेत घरात. पहिल्यांदा कांदेपोहे, बटाट्याची भाजी किंवा साधं वरण-भात-तूप असंच कर, मोठा बेत नको. शेंगदाणे घालण्याआधी कोणाला ॲलर्जी नाही ना हे विचार, हे तिकडे खरंच विचारायचं असतं. आणि झाल्यावर स्वयंपाकघर जसं होतं तसं करून दे, शेगडीची काच सुद्धा. कुटुंबांकडून मी सगळ्यात जास्त ऐकते ते याबद्दल, जेवण सुंदर होतं पण तेल दोन दिवस पुसत होतो.

पण एक दिवस जेवण घालून घरातलं होता येत नाही. त्यासाठी घरातलं एखादं रोजचं किंवा आठवड्याचं काम तुझ्या नावावर हवं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते आणि इतक्या वर्षांत याच्याइतका उपयोगी पडलेला दुसरा उपाय मला माहीत नाही. काही मदत करू का असं विचारू नकोस, त्यावर 'नको, असू दे' हेच उत्तर येतं. तू काम निवडून सांग. डिशवॉशर रोज सकाळी मी रिकामा करीन. किंवा कचरा माझा. किंवा रिकाम्या बाटल्या दुकानात परत न्यायच्या ते माझं. बाटल्यांची आपल्याकडच्यांना गंमत वाटते, पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट घेतलेलं असतं, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, दुकानातल्या मशीनमध्ये बाटल्या टाकल्या की पावती येते आणि ती बिलातून वजा होते. महिनाभराच्या साठल्या की चांगले पैसे होतात आणि घरात कोणालाच ते काम आवडत नाही. कचऱ्याचं म्हणशील तर कागद वेगळा, ओला वेगळा, पॅकिंगचं प्लॅस्टिक आणि डबे वेगळे, उरलेला वेगळा, काच गावातल्या डब्यात रंगाप्रमाणे पांढरी, हिरवी, तपकिरी, आणि तीसुद्धा रविवारी टाकायची नाही कारण आवाज होतो. पण हे गावागणिक थोडं बदलतं, म्हणून मुलांना विचार, तुला सांगताना त्यांना फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडून गेलेला कोल्हापूरकडचा एक मुलगा असाच महिनाभर खोलीत बसून होता. मग त्याने संध्याकाळी टेबल लावायचं काम घेतलं, ब्रेड खायच्या छोट्या फळ्या, सुऱ्या, बटर, चीज काढून मांडायचं, बस एवढंच. काय कुठे ठेवलंय हे विचारता विचारता रोज दहा मिनिटं आजोबांशी बोलणं व्हायला लागलं, ते त्याच घरात खालच्या मजल्यावर राहायचे आणि त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. डिसेंबरपर्यंत या मुलाचं जर्मन क्लासमधल्या सगळ्यांच्या पुढे गेलं होतं. हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि तुझ्यासारखी लाजाळू मुलं तर समोरासमोर बसून गप्पा मारण्यापेक्षा बटाटे सोलताना जास्त बोलतात.

भाषेवरून आठवलं. पुण्यात मॅक्सम्युलर भवनमध्ये किंवा कुठेही जर्मनची A2 ही दुसरी पातळी करून गेलीस तरी गावातली बोली वेगळीच पडणार, दक्षिणेत तर जास्तच. घरचे आपसात भराभर बोलतात तेव्हा ते तुला वगळत नसतात, त्यांचं रोजचं चाललेलं असतं. त्यांना सांग की जेवताना माझ्याशी जर्मनच बोला, हळू बोला, चुकले तर सुधारा. हे सांगितलं नाही तर ते सौजन्य म्हणून इंग्रजीवर येतात आणि मग इंग्रजीत त्यांनाही अवघडल्यासारखं होतं, म्हणून बोलणंच कमी होतं. दिवसभर परक्या भाषेत राहिलं की संध्याकाळी डोकं शिणतं, ते खरं आहे, त्या दिवशी 'आज दमलेय, लवकर झोपते' असं सांगून खोलीत जा. सांगून गेलं की कोणी वाईट अर्थ घेत नाही. आणि हो, काका-काकू नको, नावाने हाक मार, त्यांनी तसं सांगितलं असेलच. पन्नाशीच्या बाईंना नुसत्या नावाने बोलवायला जीभ रेटत नाही म्हणून आपली मुलं काहीच हाक मारत नाहीत, नुसतं 'हॅलो' करून बोलायला लागतात, ते मात्र त्यांना खटकतं.

स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असेल, प्रत्येकाच्या नावाचा वेगळा रकाना असलेलं. त्यात तुझा रकाना आहे का बघ. नसेल तर मागून घे आणि तुझी शिफ्ट, सेमिनार, मैत्रिणीकडे जायचा वीकएंड सगळं लिही. जेवायला नसशील तर सकाळीच सांग. मैत्रिणीला घरी आणायचं असेल तर आधी विचार, दारात घेऊन उभी राहू नकोस. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, ते अशुभ मानतात. तुझा वाढदिवस असला की केक तूच कामावर न्यायचा असतो, वाट बघत बसलीस तर उगाच हिरमुसशील.

दोन गोष्टी मात्र अजिबात हलक्यात घ्यायच्या नाहीत. त्यांच्या वायफायवरून टॉरेंटने पिक्चर उतरवायचे नाहीत, कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या घरी वकिलाचं पत्र येतं आणि शेकडो युरो मागतात, आपल्या मुलांमुळे हे झालेलं आहे आणि त्यानंतर घरातलं वातावरण सावरायला फार वेळ लागतो. आणि किल्ली. बऱ्याच इमारतींत एकच किल्ली बाहेरच्या दाराला आणि घराला चालते, हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च मागू शकतात. तुझ्या संस्थेने लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, काढलेला असेल तर त्यात किल्ली हरवणं धरलंय का हे आजच ईमेल करून विचार.

तू हे नोव्हेंबरात लिहितेयस हेही मला महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली, आता साडेचार-पाचलाच अंधार, झाडं बोडकी, आठवडाभर ऊन नाही. उन्हातून गेलेल्या माणसाला हे लागतं, आणि मनाला जे वाटतं त्याचं खापर आपण घरातल्या माणसांवर फोडतो. दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर चाल, पाऊस असला तरी. गावात व्यायामाचा, गाण्याचा, बॅडमिंटनचा क्लब असतोच, त्यात नाव घाल, आठवड्यातून एक संध्याकाळ घराबाहेरची तुझी स्वतःची हवी. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, कधीतरी जरूर जा, पण दर वीकएंडला तिकडे पळायला लागलीस तर गावात तुझं कोणी होणार नाही.

आता फॅमिली बदलण्याचं. मी वर लिहिलंय त्यातलं काम घेणं, टेबलावर बसणं, सरळ विचारणं हे तीनचार आठवडे मनापासून करून बघ. तरीही जमलं नाही तर बदलून मागण्यात काही चूक नाही, दोन चांगली माणसंसुद्धा एका घरात जुळत नाहीत. आधी तुझ्या मेंटरशी बोल, मग मेंटर, तू आणि फॅमिली असं तिघांचं बोलणं होऊ दे. तुझी सर्व्हिस त्या कुटुंबाशी बांधलेली नाही, संस्थेशी आणि कामाच्या जागेशी बांधलेली आहे, घर बदललं म्हणून वर्ष वाया जात नाही. फक्त नव्या पत्त्यावर दोन आठवड्यांच्या आत नाव नोंदवावं लागतं आणि त्यासाठी नव्या घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. वर्षाला पंचवीस दिवस सेमिनार असतात, तिथे बाकीच्या व्हॉलंटियर्सना त्यांच्या घरचं विचार, अंदाज येतो आपलं किती वेगळं आहे.

काही बाबतीत मात्र थांबायचं नाही, चार आठवडे नाहीत की चार दिवस नाहीत. पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवून घेतला, खाण्याला कुलूप लावलं, खोलीत न विचारता कोणी येतं, कोणी अंगाला हात लावतं किंवा तसलं बोलतं, तर त्याच दिवशी संस्थेला फोन कर आणि दुसरीकडे झोपायला जा. धोका वाटला तर पोलीस ११०. बायकांवरच्या अत्याचारासाठी ११६०१६ ही हेल्पलाइन चोवीस तास, फुकट आहे, इंग्रजीतही बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. आणि मुलं सांभाळण्याबद्दल एक सांगते. तू ओ-पेअर नाहीस. ओ-पेअरला आठवड्याला तीस तासांपर्यंत घरकाम आणि मुलं हेच काम असतं, तुझं काम किंडरगार्टनमध्ये आहे. एखाद्या संध्याकाळी मुलांजवळ बसणं हे घरातल्या माणसासारखं झालं, पण रोज कामावरून आल्यावर मुलं तुझ्या हवाली होत असतील तर ते नियमाबाहेरचं आहे आणि मेंटरला सांगायचं. तुझ्या पत्रात यातलं काही नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी असू शकतं म्हणून लिहिलं.

राहिला डिसेंबर. ५ तारखेच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतील, सकाळी त्यात खाऊ असतो, तूही तुझा एक बूट ठेव. ख्रिसमसचं मुख्य २४ च्या संध्याकाळी असतं आणि ते अगदी घरच्यांपुरतं असतं, म्हणून 'त्या दिवशी मी तुमच्याबरोबर असणार ना' हे या रविवारीच विचार. ते हो म्हणतील असं मला वाटतं, कारण घरात ठेवून घेतलेल्या मुलीला त्या रात्री एकटं सोडणारं कुटुंब मी क्वचितच पाहिलंय, पण ते त्या दिवशी नातेवाइकांकडे जाणार असतील तर तुला आधी कळलेलं बरं. भेट छोटी चालते, मुलांना काहीतरी आणि मोठ्यांना चहाचा मसाला किंवा तू केलेला चिवडा. २४ ला दुपारीच दुकानं बंद होतात आणि २५-२६ दोन्ही दिवस सुट्टी, तेव्हा पोहे, शेंगदाणे जे काय लागणार असेल ते २३ पर्यंत आणून ठेव.